कुरोबेचे ऐंशी मीटर

कुरोबे धरणाचा फोटो तुम्ही कदाचित पाहिला असेल. उंच डोंगरांच्या मध्ये पांढरी कमानदार भिंत, तिच्या पोटातून सुटलेले पाण्याचे दोन झोत आणि तुषारांवर उमटलेलं इंद्रधनुष्य. जपानमध्ये रेल्वे स्थानकांवर हे पोस्टर हमखास दिसतं. धरण खरंच तितकं देखणं आहे. पण तिथे जाऊन आल्यावर माझं ठाम मत झालंय, की ते झोत म्हणजे कुरोबेतली सर्वात कमी महत्त्वाची गोष्ट. महत्त्वाचं सगळं डोंगराच्या आत आहे, आणि तिथे जाणारे बहुतेक लोक त्यातून बसमध्ये पेंगत जातात.

हे मत माझं एकटीचं नाही, त्यात बाबांचा मोठा वाटा आहे. बाबांची सगळी नोकरी वीज बोर्डात, कोयनेच्या पोफळी वीजगृहात झाली. माझं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं. बाबा कामाला बोगद्यातून डोंगराच्या पोटात जातात, यात काही वेगळं आहे हे मला बरंच मोठं झाल्यावर कळलं. आता मी नागोयाला असते. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा मी क्योतो, नारा, तोक्योची यादी काढून ठेवली होती. त्यांनी ती नीट वाचली आणि विचारलं, "इथे डोंगरातलं एखादं हायडल असेल ना गं?"

हायडल म्हणजे जलविद्युत प्रकल्प, आणि तो म्हटल्यावर जपानमध्ये पहिलं नाव कुरोबेचंच येतं.

नागोयाहून तिकडे जायला शिनानो एक्सप्रेसने मात्सुमोतो, तिथून ओइतो लाइनच्या छोट्या गाडीने शिनानो-ओमाची आणि पुढे बसने ओगिझावा. आम्ही ओमाचीला मुक्काम केला. सकाळी लवकर निघायचं असेल तर तेच सोयीचं. हा सगळा मार्ग एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतच चालू असतो, बाकीचे महिने बर्फाचे. आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलो, कारण धरणातून पाणी सोडलेलं पाहायचं असेल तर २६ जून ते १५ ऑक्टोबर याच काळात जावं लागतं. पुढे डोंगरावर पानांचे रंगही याच सुमारास बदलतात, त्यामुळे गर्दी मात्र भरपूर. शनिवार-रविवार टाळावा.

ओगिझावा १,४३३ मीटर उंचीवर आहे आणि रस्ता तिथे संपतो. स्वतःची गाडी असली तरी ती इथेच ठेवायची. पुढची ६.१ किलोमीटर फक्त विजेवर चालणारी बस जाते, तीही जवळजवळ पूर्ण बोगद्यातून. हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. म्हणून १९६४ मध्ये लोकांसाठी बोगदा खुला केला तेव्हापासून इथे धुराच्या गाड्या नाहीत. २०१८ पर्यंत वरच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबस होत्या, २०१९ पासून बॅटरीवरच्या बस आल्या. त्या ओगिझावाला छपरावरून चार्ज होतात. बाबा बसमध्ये चढायच्या आधी तो चार्जिंगचा सांगाडा खालून निरखत उभे राहिले आणि मला रांगेत जागा धरावी लागली.

आता बोगद्याविषयी. इथे मी जरा थांबून सांगणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओसाका आणि आसपासच्या भागात विजेची भीषण टंचाई होती. कारखाने वाढत होते आणि वीज पुरत नव्हती. कान्साई इलेक्ट्रिक ही त्या भागाची वीज कंपनी. तिचे अध्यक्ष ओतागाकी शिरो यांनी कुरोबेच्या वरच्या खोऱ्यात धरण बांधायचं ठरवलं. लोकांच्या तोंडी या प्रकल्पाचं नाव कुरोयोन, म्हणजे कुरोबेतलं चौथं वीजगृह. काम १९५६ मध्ये सुरू झालं. अडचण अशी, की धरणाच्या जागेपर्यंत रस्ताच नव्हता. एका बाजूला तीन हजार मीटरचा तातेयामा, दुसऱ्या बाजूला तितक्याच तोलाची उशिरो-तातेयामाची रांग, मधे खोल घळ. सुरुवातीचं सामान हमालांनी पाठीवर वाहून नेलं. बर्फाच्या दिवसांत बुलडोझर चालवत चालवत तातेयामा ओलांडून खाली उतरवले. पण अशाने धरण होत नाही. लाखो घनमीटर काँक्रीटचं सिमेंट पाठीवरून जात नाही. म्हणून ओमाचीच्या बाजूने डोंगराला आरपार ५.४ किलोमीटरचा बोगदा खणायचा ठरला. सगळं धरण या एका बोगद्यावर अवलंबून होतं.

मे १९५७ मध्ये बोगदा अशा जागी पोचला, जिथे खडक खडक उरलाच नव्हता. भूगर्भातल्या हालचालींनी त्याचा चुरा झालेला आणि त्या चुऱ्यात पाणी कोंडलेलं. तोंड फुटलं आणि माती-दगडांसकट पाणी बाहेर आलं. सेकंदाला ६६० लिटर, तापमान ४ अंश. आपल्या इमारतीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी दीड सेकंदात भरेल एवढं पाणी, न थांबता, बर्फासारखं गार, आणि त्यात उभं राहून माणसांनी काम करायचं.

हा खराब पट्टा ८० मीटरचा होता. तो पार करायला सात महिने लागले.

त्यांनी काय केलं ते बाबांनी मला बसमध्ये समजावून सांगितलं, कारण जपानी घोषणा मला कळत होती पण तिचा अर्थ त्यांना माझ्याआधी लागत होता. मुख्य बोगद्याच्या बाजूने लहान बोगदे खणून पाणी दुसरीकडून काढून घेतलं, म्हणजे समोरच्या तोंडावरचा दाब उतरतो. मग सभोवतालच्या चुऱ्यात सिमेंट आणि रसायनं दाबाने भरून तो घट्ट केला. "ग्राउटिंग," बाबा म्हणाले. "हे सगळ्या बोगद्यांत करतात. पण वाहत्या पाण्यात ग्राउट टिकत नाही, धुऊन जातं. आधी पाण्याला दुसरी वाट द्यावीच लागते." हिवाळा आला, वरचा डोंगर गोठला, पाणी कमी झालं आणि डिसेंबरात तो पट्टा संपला. पुढच्या फेब्रुवारीत बोगदा आरपार झाला.

मधल्या महिन्यांत काम सोडून द्यावं असं म्हणणारे कमी नव्हते. ओतागाकी स्वतः त्या बोगद्यात आत, पाणी कोसळत होतं तिथपर्यंत जाऊन आले होते. कंपनीच्या अध्यक्षाने आत जायचं काहीच कारण नव्हतं, धोका उघड होता. पण आत राबणाऱ्या माणसांना थांबू नका म्हणायचं असेल तर आधी तिथे उभं राहायला हवं, असं मला वाटतं आणि म्हणून या माणसाविषयी मला मनापासून आदर आहे.

आज त्या ८० मीटरच्या दोन्ही टोकांना निळे दिवे लावलेत. बस अंधारातून जात असते, एकदम निळा उजेड येतो, पाटी दिसते, आणि काही सेकंदांत पुन्हा साधा पिवळट उजेड. सात महिने काही सेकंदांत मागे पडतात. आमच्या पुढच्या सीटवरचं जोडपं फोनवर फोटो बघत होतं. मला त्यांना हलवून सांगावंसं वाटत होतं, की अहो, वर बघा, हेच ते. तुम्ही गेलात तर घोषणेकडे कान ठेवा आणि खिडकीशी बसा. त्यानंतर थोड्याच वेळात नागानो आणि तोयामा या दोन प्रांतांची हद्द दाखवणारी पाटी येते. एके ठिकाणी समोरून येणाऱ्या बसला वाट द्यायला बस थांबते. बाकी बोगदा एकपदरी आहे.

सोळा मिनिटांत बस कुरोबे धरण स्थानकात पोचते. स्थानकही बोगद्यातच. बाहेर पडायला दोन वाटा आहेत. एक थेट धरणाच्या माथ्यावर जाते. दुसरी २२० पायऱ्या चढून वरच्या सज्जावर. ज्येष्ठांना घेऊन गेलात तर पहिली वाट निवडा, त्यात काहीच बिघडत नाही. बाबांनी अर्थात दुसरी निवडली. हवा गार होती, भिंती ओल्या होत्या. पायऱ्यांवर बसायला जागा केल्या आहेत आणि वाटेत पिण्याच्या पाण्याची सोय आहे. ते पाणी त्याच चुऱ्याच्या पट्ट्यातून झिरपून येतं. ज्या पाण्याने सात महिने माणसांना अडवलं ते आता नळाला लावलंय. बाबांनी ओंजळीने प्यायलं, मग बाटली भरून घेतली.

वर सज्जावर आलं की पहिल्यांदा उजेडाने डोळे दिपतात. मग समोर तातेयामाची रांग, खाली हिरवं-निळं पाणी आणि उजवीकडे ती भिंत. उंची १८६ मीटर, जपानमधलं सर्वात उंच धरण. माथ्याची लांबी ४९२ मीटर. आकडे मी आधी वाचले होते, पण माथ्यावरून चालणारी माणसं ठिपक्यांएवढी दिसली तेव्हाच त्यांचा अंदाज आला.

सज्जाकडून उघड्या जिन्याने खाली उतरलं की झोतांच्या जवळ जाता येतं. तिथे उभं राहिलं की तोंडावर तुषार येतात आणि बोलणं ऐकू येत नाही. सकाळच्या उन्हात इंद्रधनुष्य दिसतं, आम्हालाही दिसलं. सेकंदाला दहा घनमीटरच्या वर पाणी सुटत असतं. ते सरळ धारेने न पडता धुक्यासारखं फोडून सोडतात, नाहीतर एवढ्या उंचीवरून पडणारी धार नदीचा तळ खणून काढील.

बाबा बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी मला कानाशी येऊन विचारलं, "हे पाणी मशिनला जात नाही?"

नाही. हे पाणी वीज करत नाही. पर्यटनाच्या हंगामात खोऱ्याचं देखणेपण राखावं म्हणून ते सोडतात. वीज करणारं पाणी तलावातून दुसऱ्याच तोंडाने आत जातं, डोंगरातल्या सुमारे दहा किलोमीटरच्या बोगद्यातून खाली जातं आणि तिथे जमिनीखाली बांधलेल्या वीजगृहात पडतं. वीजगृह संपूर्ण जमिनीखाली. एक कारण राष्ट्रीय उद्यान, दुसरं हिमप्रपात. बाहेरून काहीही दिसत नाही. धरणावर येणाऱ्यांपैकी कितीतरी जण वीज इथेच, या भिंतीत होते असं समजून परत जातात.

बाबांना एवढं पुरेना. त्यांनी हेड किती, म्हणजे पाणी किती उंचीवरून पडतं, आणि डिस्चार्ज किती, म्हणजे सेकंदाला किती पाणी जातं, ते विचारलं. मी फोनवर शोधून सांगितलं, हेड ५४५ मीटर, जास्तीत जास्त पाणी सेकंदाला ७२ घनमीटर. त्यांनी तिथेच कठड्याला टेकून गुणाकार केला. बहात्तर गुणिले पाचशे पंचेचाळीस गुणिले नऊ पूर्णांक आठ, म्हणजे साधारण ३८५ मेगावॉट, त्यातून बोगद्यातलं घर्षण आणि मशिनची तूट वजा. "सव्वातीनशे-साडेतीनशे असणार." वीजगृहाची क्षमता सुमारे ३३५ मेगावॉट आहे. बाबांचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता. मग त्यांनी उलटा हिशेब केला. समोर उडणारं दहा घनमीटर पाणी मशिनमधून गेलं असतं तर ४५ मेगावॉटच्या वर वीज झाली असती. "एवढी वीज हे लोक रोज डोळ्यांना सुख म्हणून सोडून देतात?" ते म्हणाले. अगदी वाया जात नाही, खाली सेन्निनदानी धरणात ते पाणी अडतं आणि पुढच्या वीजगृहांना मिळतं. पण वरच्या ५४५ मीटरचं बळ गेलंच. मला हे आवडलं. नदीला दिसण्याचाही हक्क आहे हे कंपनीने मान्य केलं आणि त्याची किंमत वर्षानुवर्षं मोजली.

तलावात मावणारं पाणी २० कोटी घनमीटर. "सात टीएमसी," म्हणजे सात अब्ज घनफूट, बाबा लगेच म्हणाले आणि थोडे निराश झाले. कोयना १०५ टीएमसी. पण कोयनेचा पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि वर्षभर पुरवावा लागतो. इथे डोंगरांवरचं बर्फ उन्हाळ्यात सावकाश वितळत राहतं, वर पाऊसही भरपूर. शिवाय उतार. कुरोबे नदी उगमापासून समुद्रापर्यंत जेमतेम ८५ किलोमीटर, आणि तेवढ्यात जवळपास तीन हजार मीटर खाली येते. साठा लहान, उतार जबर. पोफळीला पाणी सह्याद्री फोडून पश्चिमेला, वाशिष्ठीत जातं. इथे ते ज्या नदीचं त्याच नदीत खाली परत येतं. मशिनं मात्र दोन्हीकडे पेल्टनच, म्हणजे पाण्याची धार पात्यांवर मारून फिरणारी चाकं. एवढ्या मोठ्या हेडला ती चांगली चालतात.

मग आम्ही माथ्यावरून चालत गेलो. हा भाग बाबांनी सर्वात सावकाश पाहिला.

भिंत माथ्यावर सुमारे ८ मीटर जाड आहे, तळाशी सुमारे ४०. कोयनेची भिंत १०३ मीटर उंच आणि तळाशी ७० मीटर रुंद. म्हणजे जवळपास दुप्पट उंच धरण, आणि तळ निम्म्याहून थोडाच जास्त. कोयना स्वतःच्या वजनावर पाण्याला रेटून धरते. कुरोबेची कमान पाण्याचा रेटा दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर टाकते. त्यामुळे काँक्रीट वाचतं, पण सगळी भिस्त डोंगरावर. डोंगर हलला तर भिंत गेली. आणि हे त्या काळात नुसतं पुस्तकी भय नव्हतं. कुरोबेला जागतिक बँकेने १९५८ मध्ये ३.७ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. डिसेंबर १९५९ मध्ये फ्रान्समध्ये मालपासे हे कमानीचं धरण फुटलं, चारशेच्या वर माणसं गेली. कारण बाजूचा खडक. कुरोबेत काँक्रीट ओतायला जेमतेम सुरुवात झाली होती. जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी धरणाची उंची कमी करा असं सुचवलं. उंची कमी म्हणजे साठा कमी, वीज कमी, सगळा हिशेबच कोलमडणार. जपानी अभियंत्यांनी प्रत्यक्ष जागेवरच्या खडकावर दाब देऊन चाचण्या केल्या, वरच्या भागातला खडक कमजोर आहे तिथे कमानीचा भार त्याच्यावर येऊ नये अशी रचना केली आणि उंची राखली.

त्या रचनेची खूण आजही दिसते. माथ्यावरून चालताना दोन्ही टोकांना कमान संपते आणि भिंतीची दिशा बदलते. ते धरणाचे पंख. तिथे भिंत कमानीसारखं काम करत नाही, स्वतःच्या वजनावर उभी राहते. बाबांनी ते वळण मला बोटाने हवेत काढून दाखवलं. मी एकटी आले असते तर ते सुंदर वळण म्हणून फोटो काढून पुढे गेले असते.

माथ्यावरून खालच्या बाजूला बघितलं की घळ दिसते, अरुंद आणि सरळ तुटलेली. बाबांनी विचारलं, "चौथं वीजगृह म्हणतेस, मग पहिली तीन कुठायत?"

ती याच घळीत खाली बांधली, आणि त्यांतल्या तिसऱ्याची गोष्ट ऐकवत नाही. ते काम १९३६ ते १९४० या काळातलं, युद्धाच्या तयारीचे दिवस. बोगदा खणताना गरम झऱ्यांचा प्रदेश लागला आणि खडकाचं तापमान १६० अंशांच्या वर गेलं. भोकात भरलेली डायनामाइट उष्णतेने आपोआप उडत होती. आत काम करणाऱ्यांवर मागून गार पाण्याचे फवारे मारत ठेवावे लागत. डिसेंबर १९३८ मध्ये शिआइदानी इथे हिमप्रपाताने कामगारांची इमारत उचलून नेली, ८४ माणसं गेली. त्या सगळ्या कामात तीनशेहून जास्त मृत्यू झाले. मजुरांत कोरियन कामगार पुष्कळ होते. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. धरण बघायला जाणाऱ्याने ही गोष्ट माहीत करून जावं, कारण वरच्या धरणावर तिचा उल्लेख सहज नजरेस पडत नाही.

या घळीविषयी तिथले लोक म्हणतात, की कुरोबेत कुणी जखमी होत नाही. कड्याला खोदलेल्या वाटा इतक्या अरुंद, की पाय घसरला तर जखमेपुरतं निभावत नाही.

कुरोयोनच्या कामात १७१ माणसं गेली. दरडी, हिमप्रपात, उंचावरून पडणं. सात वर्षं काम चाललं, एकूण सुमारे एक कोटी मनुष्यदिवस लागले, ५१.३ अब्ज येन खर्च झाले, आणि १९६३ मध्ये धरण पूर्ण झालं. धरणाच्या स्थानकाकडच्या टोकाला, डोंगराच्या कडेला गेलेल्या माणसांचं स्मारक आहे. कामगारांचे सहा पुतळे आणि बाजूला नावं कोरलेली. लोक तिथे नाणी ठेवतात. गर्दी झोतांपाशी असते, इथे दोन-चारच माणसं होती. बाबांनी चपला काढल्या. तसं करायची तिथे पद्धत नाही, पण कुणी काही म्हटलं नाही. मला नावांतली चिन्हं जमतील तशी वाचून दाखवायला सांगितलं. पहिली काही वाचली, काही ठिकाणी अडले. जपानी नावं कशी उच्चारायची हे चिन्हांवरून नेहमी कळत नाही. "अंदाजाने वाच," ते म्हणाले. मी वाचत राहिले.

बाबांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवते. तेव्हा ते शाळेत होते, गाव कोयनेजवळच. भूकंपात घर पडलं, शेजारची माणसं गेली. पुढे तेच त्या धरणाच्या विजेवर नोकरीला लागले. त्यांना धरणं आवडतात आणि धरणांची भीतीही वाटते, दोन्ही खरं आहे. स्मारकापाशी ते म्हणाले, "नावं लिहून ठेवली हे चांगलं केलं. संख्या लिहिली की माणूस विसरतो."

जेवणाचं थोडक्यात सांगते. तिथल्या उपाहारगृहात धरणाच्या आकाराचा भात आणि तलावाच्या जागी आमटी अशी डॅम करी मिळते, लोक तिच्यासाठी रांग लावतात. शाकाहारी असाल तर त्या भरवशावर राहू नका, बरोबर काहीतरी न्या. आम्ही घरून पोळीभाजी नेली होती आणि तलावाकाठच्या बाकावर बसून खाल्ली. वेळ असेल तर तलावाच्या कडेने कानपा दरीवरच्या झुलत्या पुलापर्यंत जंगलातून वाट जाते, सोपी आणि शांत.

दुपारी आम्ही पलीकडे वर गेलो. धरणाच्या दुसऱ्या टोकाला केबल कार आहे, तीही पूर्ण बोगद्यातून जाते, म्हणजे बर्फाचा त्रास नको. ती कुरोबेदाइराला नेते, आणि तिथून पुढे दाइकानबोपर्यंत रोपवे. १.७ किलोमीटर, मधे एकही खांब नाही. खांब असता तर हिमप्रपाताने नेला असता. खाली सगळा उतार लाल-पिवळा झाला होता. लोक खिडक्यांना चिकटले होते. दाइकानबोवरून तलाव दिसतो, आणि धरण त्याच्या टोकाशी लहानशी पांढरी रेघ. पुढे तातेयामाच्या पोटातून मुरोदो आणि तिथून तोयामाकडे उतरता येतं. सामान पुढे पाठवून एका दिवसात हा सगळा मार्ग करणारे खूप असतात. नुसता रमत-गमत प्रवास करायचा असेल तर तो छान आहे. धरण बघायचं असेल तर मी म्हणेन, अर्धा दिवस धरणालाच द्या आणि आलात त्याच वाटेने परत जा. बोगदा दोनदा बघायला मिळतो. परतताना बाबांनी खिडकीची जागा मला दिली नाही.

एक गोष्ट राहिली. वीजगृह. धरणापासून डोंगराच्या आतून, कंपनीच्या कामाच्या वाटेने खाली वीजगृहात आणि तिथून पुढे केयाकीदाइराला उतरता येतं. केयाकीदाइराहून घळीतली छोटी रेल्वे उनाझुकीला जाते. हा आतला मार्ग पूर्वी सोडत काढून मोजक्याच लोकांना दाखवत. तो २०२४ पासून सर्व पर्यटकांसाठी खुला करायचं ठरलं होतं. पण १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात दरड कोसळून त्या रेल्वेच्या पुलाचं नुकसान झालं आणि सगळं लांबणीवर पडलं. बाबांना हे ओमाचीला परत आल्यावर सांगितलं. त्यांनी पासपोर्ट काढून व्हिसाची मुदत बघितली, आणि पूल दुरुस्त झाला की लगेच कळव, असं बजावून ठेवलंय. मी त्या रेल्वेच्या सूचना तेव्हापासून नियमित बघते.